उणिवांचा रकाना

निरीक्षणाच्या छापील तक्त्यात सात रकाने होते. विषय, प्रस्तावना, फळ्याचा वापर, विचारलेले प्रश्न, विद्यार्थ्यांचा सहभाग, उणिवा आणि शेवटी संबंधित शिक्षकाची सही. ज्या कोणा विद्वानानं हा तक्ता बसवला, त्यानं सहावा आणि सातवा रकाना शेजारी शेजारी का ठेवला असावा, यावर अर्धेराव आठवडाभर विचार करत होते. ज्याच्या उणिवा लिहायच्या, त्याचीच सही लगेच पुढच्या चौकोनात घ्यायची. म्हणजे एखाद्याला तोंडावर 'तुम्ही बेसूर गाता' असं सांगायचं आणि वर त्याच्याकडूनच पोच मागायची.

"रकाना रिकामा ठेवायचा नाही," अध्यापक विद्यालयातल्या प्राध्यापकांनी बजावलं होतं. "'निरंक' चालणार नाही. आडवी रेघ तर मुळीच चालणार नाही. उणीव दिसली नाही, तर तुम्ही पाहिलंच नाही असं मी धरीन. आणि तासाला तोंड उघडायचं नाही. तुम्ही बघायला जाताय, शिकवायला नाही."

सहा तास, सहा तक्ते, सहा सह्या आणि शेवटी मुख्याध्यापिकांचा शिक्का. एक सही कमी पडली तरी सगळा दिवस बाद. शाळेनं निरीक्षणाला दिवस दिला होता एकच, त्यामुळे दिवस बाद म्हणजे वर्ष बाद. आणि अर्धेरावांकडे दुसरं वर्ष नव्हतं. कचेरीतून एका वर्षाची बिनपगारी रजा त्यांनी नाकदुऱ्या काढून मिळवली होती. "वर्षानंतर एक तर तुम्ही या खुर्चीवर, नाहीतर दुसरं कोणीतरी," साहेबांनी सांगून ठेवलं होतं.

अर्धेराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. वयाच्या एकेचाळीस वर्षांत ते पेटी एका गाण्याच्या अंतऱ्यापर्यंत शिकले, त्यांना एका परक्या भाषेत सतरापर्यंत आकडे म्हणता येऊ लागले, आणि बैठकीच्या भिंतीला पुस्तकांची पाच फळ्यांची मांडणी त्यांनी ठोकायला घेतली, तिच्या तीन फळ्या लागल्या. इमारतीतल्या लोकांनी हे सगळं पाहिलं आणि त्यांना नाव दिलं. नाव त्यांच्या माघारी घ्यायचं असा संकेत होता, पण जिन्यात आवाज घुमतो.

त्यामुळे त्या दिवशी सकाळी जिन्यात त्यांना निरोप द्यायला जी मंडळी जमली, ती निव्वळ प्रेमापोटी जमली होती असं म्हणवत नाही.

"पहिल्या दिवशी हसायचं नाही," वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. "एकदा हसलात की पोरं डोक्यावर बसलीच."

"काका, मला बोलायचंही नाहीये. फक्त बघायचंय."

"मग तर मुळीच हसू नका. न बोलता हसणारा माणूस फार वाईट दिसतो."

तळमजल्यावरचा शिंपी विजारीच्या कडेकडे पाहून चुकचुकला. का, ते सांगितलं नाही. अर्धेरावांची मुलगी सातवीत होती आणि शाळा या विषयातली घरातली एकमेव तज्ज्ञ होती. ती म्हणाली, "बाबा, मागच्या बाकावर बसायच्या आधी खालून हात फिरवा. तिथं च्युइंगम असतं." बायकोनं डबा हातात दिला, सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि हळूच म्हणाली, "अहो, एवढं पुरं करा."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर अर्धेरावांना सोपं गेलं असतं.

शाळेच्या दाराशी एक शिपाई स्टुलावर बसला होता. सगळी शाळा त्याला मामा म्हणत असे. अर्धेरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यानं विचारलं, "पालक?"

अर्धेराव खोटं बोलत नसत. घरी मुलगी होती, म्हणजे पालक तर ते होतेच. "हो, पण मी आज..."

"बसा तिथं."

तिथं म्हणजे कार्यालयाबाहेरच्या लांब बाकावर. त्यावर आधीच दोन खिन्न माणसं बसली होती. घंटा झाली, प्रार्थना झाली, पहिला तास सुरू झाला. अर्धेराव दोनदा उठून मामांकडे गेले आणि दोनदा 'बसा' ऐकून परत आले. शेवटी आतून हाक आली. खुर्चीत मुख्याध्यापिका होत्या. त्यांना शाळेत 'मोठ्या बाई' म्हणत, आणि ते नाव सर्व बाजूंनी शोभणारं होतं.

"ही तिसरी काच," मोठ्या बाई म्हणाल्या. "चेंडू घरी ठेवून यायला सांगता येत नाही का तुम्हाला?"

"मला मुलगी आहे," अर्धेराव पुटपुटले.

"मुलगी असो की मुलगा, काच ती काचच. घरी लक्ष नको का द्यायला?"

खरं तर इथं कोणाही स्वाभिमानी माणसानं खुलासा केला असता. पण रागावलेल्या बाईंसमोर अर्धेरावांचं वय आठ होत असे. त्यांनी मान खाली घातली, समोर आलेल्या कागदावर 'माझा पाल्य पुन्हा काच फोडणार नाही' या हमीखाली सही केली, आणि दारापर्यंत गेले तेव्हा बाकावरचा एक खिन्न गृहस्थ आत डोकावून म्हणाला, "बाई, काचेचं माझं आहे."

मग खुलासा झाला. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "आधी सांगायचं नाही का?"

"सांगत होतो."

"मोठ्यानं सांगायचं. मास्तर व्हायचंय ना तुम्हाला?"

अशा रीतीनं अर्धेराव पहिल्या तासाला पंधरा मिनिटं उशिरा पोहोचले. तास भाषेच्या बाईंचा होता. किरकोळ बांधा, ताठ मान, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी मानेनंच मागचा बाक दाखवला. अर्धेराव बारा वर्षांच्या मुलांसाठी बनवलेल्या बाकात शिरले. शिरताना गुडघे खणाच्या फळीखाली अडकले आणि उजव्या गुडघ्याला काहीतरी मऊ चिकटलं. मुलीचा सल्ला त्यांना तेव्हा आठवला. शेजारच्या दोन वेण्यांच्या मुलीनं त्यांच्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. तिचाही परकर कधीतरी तिथं चिकटला असावा.

बाई उत्तम शिकवत होत्या. कविता म्हणताना वर्ग श्वास रोखून ऐकत होता. अर्धेराव पाचव्या रकान्यापर्यंत भराभर स्तुती लिहीत गेले आणि सहाव्याशी येऊन थांबले. तास संपायला सात मिनिटं होती. काय लिहावं? बाईंचा आवाज, उच्चार, प्रश्न, सगळं नमुनेदार. त्यांनी फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर काहीतरी पांढरं, बारीक, अस्पष्ट दिसत होतं. चला, त्यातल्या त्यात निरुपद्रवी उणीव सापडली, असं वाटून त्यांनी लिहिलं, 'फळ्यावरील अक्षर मागील बाकावरून वाचता येत नाही.'

आता त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की बाईंचं अक्षर ही त्या शाळेची दौलत होती. गेल्या बावीस वर्षांतलं प्रत्येक प्रमाणपत्र, प्रत्येक मानपत्र, दर्शनी भिंतीवरचा सुविचार, सगळं बाईंच्या हातचं. पाहुणे आले की त्यांना आधी प्रयोगशाळा नाही, बाईंचा फळा दाखवत.

बाईंनी तक्ता वाचला. एकदा. मग पुन्हा.

"अक्षर?" त्या म्हणाल्या.

अर्धेरावांनी पेनाचं टोपण लावलं.

"मी तापट आहे, तसं लिहा. पोरांना उभं करते, लिहा. माझ्यात हजार उणिवा काढा हो. पण अक्षर?" त्यांनी तक्ता सही न करता बाकावर ठेवला आणि खडूचा डबा उचलून निघून गेल्या.

एका तासातून दुसऱ्या तासात जायला शिक्षकांना पाच मिनिटं मिळतात. तेवढ्या वेळात ही बातमी साऱ्या शाळेत कशी पोहोचली हे सांगता येत नाही. पण दुसऱ्या तासाचे इतिहासाचे सर वर्गात आले ते थेट मागच्या बाकापाशी. "तुम्ही फार त्रास घेऊ नका," ते प्रेमळपणे म्हणाले. "माझी उणीव मीच सांगतो. लिहा, 'शिकवण्याच्या नादात स्वतःच्या तब्येतीकडे दुर्लक्ष करतात.'"

सर चांगले धष्टपुष्ट होते. अर्धेरावांनी लिहिलं. सरांनी खाली दोन रेघांची सही ठोकली आणि उरलेला तास खुर्चीत बसून तब्येतीकडे लक्ष दिलं.

तिसऱ्या तासाला विज्ञानाच्या बाई होत्या. त्या वयानं लहान आणि स्वभावानं भित्र्या. दिवसाचा साधा धडा सोडून त्यांनी पाहुण्यासाठी ऐनवेळी प्रयोग काढला. काचेच्या भांड्यात काहीतरी ओतलं, त्यात आणखी काहीतरी ओतलं, आणि मग अशी काही दुर्गंधी सुटली की चाळीस मुलं, बाई आणि विजारीला चिकटलेला बाक ओढत अर्धेराव असे सगळे बाहेर ओसरीवर आले.

"हे लिहू नका ना," बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरंच नेहमी नीट होतो हो."

मग काय लिहावं? अर्धेरावांनी लिहिलं, 'वर्गात खिडक्या अपुऱ्या.' बाईंनी कृतज्ञतेनं सही केली. दोघांनाही त्या क्षणी सुचलं नाही, की बाईंची सुटका झाली खरी, पण खिडक्या मोठ्या बाईंच्या अखत्यारीत येतात.

मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत गेल्यावर त्यांना कोणी खुर्ची दिली नाही. कोणी हाकललंही नाही. ते कपाटाला टेकून डबा उघडून उभे राहिले आणि किती वाजले म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागले. घड्याळाला काटे दिसेनात. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. काटे नाहीतच. आणि मग त्यांना आठवलं. सकाळच्या गडबडीत त्यांनी लांबचा चष्मा घरी ठेवून वाचायचा चष्मा डोळ्यांवर चढवला होता.

म्हणजे बाईंचं अक्षर मोत्यासारखंच होतं. उणीव होती ती अर्धेरावांच्या नाकावर.

"मी आत्ता जाऊन सांगतो," ते शेजारी डबा खात असलेल्या इतिहासाच्या सरांना म्हणाले. "चूक माझी आहे."

"सांगा की," सर घास गिळून म्हणाले. "मग त्या म्हणतील, ज्याला दिसत नाही तो निरीक्षणाला आलाच कशाला. म्हणजे पहिला तास बाद. आणि पहिला बाद तर बाकीचे तुम्ही कुठल्या डोळ्यांनी बघितले?" आपल्या तर्कावर ते स्वतःच खूश झाले. "माझीही सही वायाच गेली म्हणायची."

अर्धेराव हिशोब करू लागले. न सांगावं, तर सही नाही. सांगावं, तर सहीच काय, तासच नाहीत. एवढ्यात मामा बोलवायला आले.

मोठ्या बाईंच्या टेबलावर तिसऱ्या तासाचा तक्ता होता. तो तिथं कोणी पोहोचवला हे कधी कळलं नाही. "खिडक्या अपुऱ्या?" त्या म्हणाल्या. "काचेची हमी लिहून देणारे तुम्हीच ना?"

"हो. म्हणजे, नाही."

"हे बघा, माझ्या शाळेत उणिवा नाहीत असं मी म्हणत नाही. पण त्या लेखी का असाव्यात? सहाच्या सहा शिक्षकांनी सह्या दिल्या, तर मी डोळे मिटून शिक्का मारीन. एक जरी कमी असली, तर तुम्ही तसेच घरी जा. आणि शिक्का पाचला कपाटात जातो."

पुढचे तीन तास अर्धेरावांना धड आठवतही नाहीत. चित्रकलेच्या सरांनी तक्ता न वाचताच सही केली आणि सहीखाली एक पक्षी काढला. व्यायामाचे सर म्हणाले, "बसून कसलं निरीक्षण करता?" आणि त्यांना मैदानाला एक फेरी मारायला लावली. ती त्यांनी डबा आणि तक्ते छातीशी धरून मारली, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. गणिताच्या बाईंनी उणीव म्हणून 'गृहपाठ फार देतात' हे मान्य केलं आणि वर्गाकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत? बाहेरच्या माणसालाही दिसतं." पाच सह्या झाल्या.

शाळा सुटली. साडेचार वाजले. अर्धेराव जिन्याच्या पायरीवर बसले. मुलं त्यांच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखी वाहत खाली गेली. त्यांच्या डोळ्यांसमोर मांडणीच्या न लागलेल्या दोन फळ्या आल्या. आता इमारतीला सांगायचं काय? पेटी निदान घरातल्या घरात अर्धी राहिली होती. त्यांनी पेन काढलं, अक्षराबद्दलचं वाक्य जाड रेघेनं खोडलं आणि वर, दुसरं काही सुचेना म्हणून, लिहिलं, 'शिकवण्याच्या नादात स्वतःच्या तब्येतीकडे दुर्लक्ष करतात.' मग त्यांची त्यांनाच इतकी शरम वाटली, की चष्म्याचंही सांगून टाकायचं ठरवून ते उठले.

भाषेच्या बाई वर्गातच होत्या. पण खुर्चीवर नव्हत्या. त्या मागच्या बाकावर, सकाळी अर्धेराव बसले होते नेमक्या त्याच जागी बसून फळ्याकडे पाहत होत्या. फळ्यावर सकाळची कविता तशीच होती; बाईंचं अक्षर दिवसभर कोणी पुसत नसे.

"बाई," अर्धेराव दारातूनच घाईघाईनं म्हणाले, "माझं चुकलं. मी चष्मा वाचायचा लावून आलो होतो. त्यामुळे मला..."

"ठाऊक आहे. इतिहासवाले मधल्या सुट्टीतच सांगून गेले, फार आनंदानं. म्हणून तर इथं येऊन बसले. म्हटलं, खात्री करावी आणि मग तुम्हाला चांगलं फैलावर घ्यावं."

"घ्या."

"कसली घेते? मला अजून कुठलाच चष्मा लागलेला नाही." बाईंनी फळ्याकडे बोट केलं. "आणि मलाही वाचता येत नाहीये."

अर्धेरावांनी नाकावरचा चष्मा वर सरकवून फळ्याकडे पाहिलं.

"छान दिसतंय," बाई म्हणाल्या. "नक्षी काढल्यासारखं. मीच काढलंय म्हणून मला कळतंय काय आहे ते. या बाकावरची पोरं चुकीचं उतरवून घेतात म्हणून बावीस वर्षं मी त्यांना उभं करत आले. एकानंही सांगितलं नाही हो, दिसत नाही म्हणून."

"पुढच्यांना दिसत असेल."

"पुढच्यांना येतंच असतं." त्यांनी हात पुढे केला. "आणा तो कागद."

अर्धेरावांनी आणला आणि देता देता त्यांना आठवलं की त्यावर आता काय लिहिलं आहे. पण बाईंनी वाचलंही होतं.

"तब्येत? माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? पहिलं वाक्य कुठं गेलं?"

"खोडलं."

"का?"

"भीती वाटली."

"लिहा परत."

रकान्यात जागा उरली नव्हती. अर्धेरावांनी समासात, कचेरीच्या खतावणीत शोभेल अशा मुंगीएवढ्या अक्षरात वाक्य पुन्हा लिहिलं. बाईंनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला. "तुम्ही तर माझ्यावर ताण केलीत," त्या म्हणाल्या आणि सही केली. सुंदर, वळणदार, बारीक सही. मग खडू त्यांच्या हातात दिला. "जा, फळ्यावर लिहा काहीतरी. इथून दिसायला केवढं लागतं ते मला बघू दे."

प्राध्यापकांनी तोंड उघडू नका म्हणून सांगितलं होतं. खडूविषयी नियमात काही नव्हतं. अर्धेराव फळ्यापाशी गेले. त्यांनी लिहिलं, 'दिसतं का?'

"नाही," मागून उत्तर आलं.

त्यांनी पुसून थोडं मोठं लिहिलं.

"नाही."

"आता?"

"काना दिसतो. बाकीचं नाही. मनगटानं लिहू नका, खांद्यापासून हात हलवा. मीही तेच करत आले वाटतं."

चौथ्या खेपेला अर्धेरावांनी अर्धा फळा व्यापला. अक्षर वेडंवाकडं होतं, ओळ तिरकी वर गेली होती. बाई म्हणाल्या, "दिसतं." आणि दारातून किल्ल्यांचा जुडगा वाजला. मामा आणि त्यांच्यामागे मोठ्या बाई.

"पाचला पाच कमी," मोठ्या बाई म्हणाल्या. "सहावी सही?"

"झालीय," भाषेच्या बाई म्हणाल्या. "पण आधी इथं येऊन बसा जरा."

"मी?"

"दोन मिनिटं."

बावीस वर्षं बरोबर काढलेल्या बाईला नाही म्हणणं अवघड असतं. मोठ्या बाई शेजारच्या बाकात बसल्या. बसल्या म्हणजे हळूहळू आत गेल्या. त्यांनी फळ्याच्या डाव्या बाजूला राहिलेली कविता पाहिली, डोळे बारीक केले, उजवीकडची वेडीवाकडी ओळ पाहिली, आणि पुन्हा कविता पाहिली. मग त्यांनी तक्ता मागवला, समासातलं वाक्य मामांकडून वाचून घेतलं, आणि उठायला गेल्या.

उठता येईना.

"मामा," त्या शांतपणे म्हणाल्या, "शिक्का इथंच आणा."

शिक्का आला, शाईची डबी आली. सहाही तक्त्यांवर त्या बाकावरच शिक्के बसले. अर्धेराव ते फळ्यापासून पाहत होते. प्रत्येक ठोक्यासरशी त्यांच्या छातीवरचं काहीतरी उतरत होतं.

"खिडक्यांचं मात्र मला पटलेलं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

मग ओढाओढ सुरू झाली. एका हाताला मामा, दुसऱ्या हाताला भाषेच्या बाई. शिकाऊ शिक्षकानं मुख्याध्यापिकेला ओढावं की नाही, यावर अर्धेरावांनी क्षणभर विचार केला, आणि मग पुढे होऊन बाकच मागून धरला. तिसऱ्या हिसड्याला मोठ्या बाई सुटल्या. पदराला खालच्या फळीचं काहीतरी चिकटून लांब तार धरून आलं. त्यांनी ते तोडलं, पदर झटकला, आणि त्या चिमुकल्या बाकाकडे अशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं त्यांनी बावीस वर्षांत पाहिलं नसेल.

"इथं पोरं सहा सहा तास बसतात?" त्यांनी विचारलं.

"हो," अर्धेराव म्हणाले. इतकं मोठ्यानं, की त्यांचे तेच दचकले.

मोठ्या बाईंनी पहिला तक्ता टेबलावर ठेवला आणि पेन त्यांच्यापुढे केलं. "बाकांचंही लिहा. संस्थेच्या मंडळींना मी तोंडी सांगितलं तर ते चहा पाजून विसरतात. लेखी दाखवता येईल."

"पण शिक्का बसलाय त्यावर."

"दुसरा मारीन."

समासात जागा नव्हतीच. अर्धेरावांनी कागद उलटा केला आणि मागच्या सगळ्या कोऱ्या बाजूवर, खांद्यापासून हात हलवत, लिहायला सुरुवात केली.